अपघात झाला, आता भरपाईचं काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी सांगून टाकतो, मी वकील नाही. जिल्हा कोर्टासमोर एका वकील साहेबांकडे ११ वर्षं कारकुनी केली, त्यात निम्म्याहून जास्त फायली अपघाताच्या क्लेमच्या होत्या, अर्ज टाईप करणं, पोलिस स्टेशनातून कागद काढणं, सिव्हिल हॉस्पिटलला चकरा मारणं हे सगळं माझ्याकडे असायचं. लोक आजही फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच लिहून काढतोय. रस्त्याचे अपघात जास्त असतात म्हणून त्याच्यावर जास्त लिहिलंय.

समोरचा म्हणतोय पोलिसात जाऊ नका, दवाखान्याचा खर्च मी देतो, मिटवून टाकू. मिटवायचं का?

नाही. म्हणजे खरचटलं असेल, गाडीचा इंडिकेटर तुटला असेल तर मिटवा, कोण नाही म्हणतंय. पण हाड मोडलंय, डोक्याला मार आहे, माणूस बेशुद्ध होता, अशा वेळी अजिबात नाही. समोरचा पहिल्या दिवशी घाबरलेला असतो म्हणून २०-२५ हजार काढून देतो आणि स्टँपपेपरवर लिहून घेतो की आमची काही तक्रार नाही. तीन महिन्यांनी डॉक्टर सांगतात रॉड बदलावा लागेल, तेव्हा तो फोन उचलत नाही. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, की क्लेमचे पैसे बहुतेक वेळा समोरच्याच्या खिशातून जातच नाहीत, त्याच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा असतो तो देतो. त्यामुळे "गरीब आहे बिचारा, कुठे त्याला त्रास द्या" हा विचार इथे लागू होत नाही. माझ्या डोळ्यासमोर अशा निदान १० फायली तरी बुडाल्यात, फक्त त्या एका कागदामुळे.

पहिल्या आठवड्यात नक्की काय काय करायचं?

दवाखान्यात गेल्या गेल्या सांगायचं की अपघात आहे, एमएलसी करा, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्याची नोंद. घाईत लोक "घरात पाय घसरून पडला" असं सांगतात, पोलिसाची कटकट नको म्हणून, आणि मग तो केसपेपर इन्शुरन्सचा वकील दोन वर्षांनी कोर्टात काढून दाखवतो. हे लय वेळा झालंय. केसपेपरवर जे लिहिलं जातं ते दगडावरची रेघ असते. जखमी शुद्धीत नसेल तर सोबतच्याने नीट सांगायचं, कुठल्या गाडीने उडवलं, नंबर माहीत असेल तर नंबर.

मग एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, जखमांचा दाखला, समोरच्या गाडीचं आरसी, ड्रायव्हरचं लायसन्स आणि विमा पॉलिसी. माणूस गेला असेल तर मरणोत्तर पंचनामा आणि पीएम रिपोर्ट. २०२२ पासून नियम असा आहे की पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल क्लेम ट्रिब्युनलला (भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट) आणि विमा कंपनीला पाठवायचा आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा. प्रत्यक्षात तुम्ही विचारल्याशिवाय किती ठिकाणी होतं हे तुम्हाला माहीतच आहे, म्हणून जाऊन विचारा, प्रत मागा.

मेडिकलची बिलं, अगदी ४० रुपयांच्या क्रेप बँडेजचं सुद्धा, एका फाईलला लावा. बिलाची शाई उडते, म्हणून झेरॉक्स काढून ठेवा. हसू नका, थर्मल पेपरची कोरी झालेली बिलं घेऊन आलेली माणसं मी पाहिलीत.

ॲम्ब्युलन्स आणि पहिल्या उपचाराचे पैसे नाहीत, मग?

मे २०२५ पासून केंद्र सरकारची रस्ता अपघातासाठी कॅशलेस उपचार योजना आहे, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार, ठरवून दिलेल्या हॉस्पिटलात. ११२ ला फोन करा. आणि जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिस अडकवू शकत नाहीत, कायद्यात तसं कलम आहे, त्यामुळे रस्त्यावर बघत उभे राहू नका.

क्लेम कुठे टाकायचा? अपघात कोल्हापूरला झाला, आम्ही राहतो पनवेलला.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, सगळे एमएसीटी म्हणतात, ते जिल्हा कोर्टातच असतं. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, यातलं कुठलंही चालतं. म्हणजे पनवेलवाल्याने कोल्हापूरला तारखांना जायची गरज नाही.

मुदत किती असते? आम्ही वर्षभर दवाखान्यातच होतो.

इथे खरंच सावध व्हा. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांची मुदत आली. आधी मुदतच नव्हती, त्यामुळे जुने लोक अजूनही सांगतात की "काय घाई नाही, कधीपण टाकता येतं". त्यांचं ऐकू नका. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय हे खरं आहे, पण त्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. ६ महिने उलटून गेले असतील तर मात्र "आता काही होणार नाही" म्हणून घरी बसू नका, आज उद्या वकिलाला गाठा.

किती पैसे मिळतात? शेजारच्याला ४० लाख मिळाले म्हणे.

हा प्रश्न सगळ्यात पहिला येतो आणि याला एका आकड्यात उत्तर नाही. पण हिशोब गुपित नाही, सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या दोन निकालांत तो जवळजवळ तक्ताच करून दिलाय.

समजा ३२ वर्षांचा गवंडी, महिन्याला १८ हजार कमावणारा, अपघातात गेला. घरात बायको, दोन पोरं आणि आई. स्वतःचा धंदा किंवा रोजंदारी आणि वय ४० च्या आत म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईचे ४० टक्के वर मिळवायचे, झाले २५,२००. (पर्मनंट नोकरी असती तर ५० टक्के धरले असते.) मागे राहिलेली ४ माणसं आहेत म्हणून त्याचा स्वतःचा खर्च पाव हिस्सा वजा, राहिले १८,९००. वर्षाचे २,२६,८००. आता ३१ ते ३५ वयाला गुणक (वर्षाच्या रकमेला वयाप्रमाणे ज्याने गुणायचं तो आकडा) १६ आहे, म्हणजे ३६,२८,८००. त्यावर बायको, मुलं, आई यांना सहवास गमावल्याचे प्रत्येकी ४० हजार, अंत्यविधीचे १५ हजार, इस्टेटीच्या नुकसानीचे १५ हजार, आणि या तीन रकमा दर ३ वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात. वर अर्ज टाकल्यापासूनचं व्याज. म्हणजे शेजारच्याला ४० लाख मिळाले यात काही लॉटरी नव्हती.

गुणक वयानुसार उतरत जातो, १५ ते २५ ला १८, चाळिशी ओलांडली की १४, ५६ ते ६० ला ९, ६५ च्या पुढे ५. अविवाहित मुलगा गेला तर स्वतःचा खर्च निम्मा धरतात, त्याने रक्कम बरीच खाली येते, आणि आईबापांना ते पटवून सांगताना फार वाईट वाटतं.

पगाराची स्लिप नाही. रोजंदारीवर आहे / बायको घरीच असते.

स्लिप नाही म्हणून कमाई शून्य असं कुठलंच कोर्ट म्हणत नाही. ठेकेदाराची वही, बँकेत किंवा फोनपेवर येणारे पैसे, मुकादमाची साक्ष, सातबारा, दूध डेअरीचं पुस्तक, काहीही चालतं. अगदीच काही नसेल तर किमान वेतन धरतात. डेअरीच्या पुस्तकावरून आमच्या साहेबांनी एकदा महिन्याला ११ हजार सिद्ध केले होते, इन्शुरन्सवाला वकील बघतच राहिला.

आणि घरी असणाऱ्या बाईची कमाई शून्य नसते. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्सच्या केसमध्ये हे अगदी सविस्तर लिहिलंय, घरकामाची किंमत ठरवायची आणि पुढची वाढही धरायची. त्यामुळे अर्जात "मयत काही करत नव्हती" हे वाक्य लिहू देऊ नका. आमच्याकडे एक आजोबा हेच वाक्य बोलले होते, आणि मग स्वतःच थांबून म्हणाले, पाच वाजता उठायची ती.

माणूस वाचलाय, पण पाय कायमचा अधू झाला. अपंगत्वाचा दाखला ४० टक्क्यांचा आहे, म्हणजे ४० टक्केच पैसे?

असं नाही, आणि इथे बहुतेक लोक फसतात. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात कोर्टाने सांगितलं की दाखल्यावरचा टक्का वेगळा आणि कमाईचं नुकसान वेगळं. डावा हात गेलेला माणूस कारकून असेल तर त्याची नोकरी राहू शकते, पण तोच ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याचा धंदाच संपला, त्याचं नुकसान जवळजवळ १०० टक्के धरायला हरकत नाही. म्हणून तुम्ही रोज काय काम करता, कसं करता, उभं राहून की बसून, वजन उचलावं लागतं का, हे साक्षीत नीट सांगायचं. टेलर असाल तर मशीनचा पायडल कुठल्या पायाने मारता ते सांगा. वकील विचारत नसेल तर स्वतः सांगा.

दाखला सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाचा घ्यावा, आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरची कोर्टात साक्ष होते हे लक्षात ठेवा. डॉक्टर तारखेला येत नाहीत म्हणून केस वर्षभर लटकलेली मी पाहिलीय. अपंगत्वाशिवाय उपचाराचा खर्च, पुढचं ऑपरेशन, येण्याजाण्याचं भाडं, सोबत राहिलेल्या माणसाचा बुडालेला रोज, सकस आहार, वेदना, लग्न जमायला अडचण, हे सगळं वेगवेगळं मागता येतं. मागितलं नाही तर कोण देणार.

चूक आमच्या माणसाची पण होती. हेल्मेट नव्हतं. ट्रिपल सीट होते.

चूक वाटून घेतली जाते. ३० टक्के तुमची ठरली तर रकमेतून ३० टक्के कापतात, क्लेम सगळाच उडत नाही. ट्रिपल सीट होते एवढ्याच कारणावरून कापता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय, ट्रिपल बसल्यामुळेच अपघात झाला हे दाखवावं लागतं. हेल्मेटबद्दल पण तसंच भांडता येतं, पाय मोडलाय त्याला हेल्मेटचा काय संबंध. (हेल्मेट घाला तरी.)

आणि चूक कुणाची याच्या भानगडीतच पडायचं नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ आहे, मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक सिद्ध करायची गरज नाही. पण विमा कंपनीकडून ही रक्कम घेतली की ट्रिब्युनलमधला मोठा दावा संपतो. त्या गवंड्याचा हिशोब वर दिलाय, त्याची बायको ५ लाखांवर सही करून बसली असती तर? म्हणून सही करायच्या आधी कागदावर कलम कुठलं लिहिलंय ते वाचा.

गाडी पळून गेली, नंबर मिळालाच नाही.

हिट अँड रनची योजना आहे, मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज तहसील किंवा प्रांत ऑफिसला, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून. रक्कम थोडी आहे, पण कितीतरी लोकांना ही योजना माहीतच नसते आणि पैसे कुणी मागायलाच जात नाही. त्याआधी टोलनाका, पेट्रोल पंप, ढाबा यांचे सीसीटीव्ही बघायला पोलिसांच्या मागे लागा, फुटेज काही दिवसांत पुसलं जातं.

ड्रायव्हरकडे लायसन्सच नव्हतं, विमा कंपनी हात वर करतेय.

बऱ्याच केसमध्ये कोर्ट सांगतं, आधी तुम्ही जखमीला द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. विमाच नसेल तर मात्र मालकाच्या मागे लागावं लागतं, आणि त्याच्याकडे काही नसेल तर हातात निकालाचा कागद राहतो, हे खरंय.

खड्ड्यात गाडी गेली. खड्ड्यावर कुणावर केस करणार?

यावर आता उत्तर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख द्यायचे, त्यासाठी महापालिका आयुक्त वगैरे अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती, आणि अर्ज आल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत पैसे. मुंबईत २०१७ च्या २९ ऑगस्टच्या पावसात डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये गेले, तेव्हापासून दर पावसाळ्यात नुसती चर्चा चालू होती. तुम्ही काय करायचं तर त्याच दिवशी खड्ड्याचा फोटो, शेजारी चप्पल किंवा बाटली ठेवून, म्हणजे खोली कळते, आणि मागे दुकानाची पाटी दिसू दे. दुसऱ्या दिवशी तिथे डांबर पडलेलं असतं. रस्ता पालिकेचा, पीडब्ल्यूडीचा की एमएमआरडीएचा यावरून टोलवाटोलवी होणार हे धरून चाला.

लोकलमधून पडला. दारात उभा होता, रेल्वे म्हणते त्याचीच चूक.

रेल्वेचा कायदा वेगळा आहे आणि या बाबतीत प्रवाशाच्या बाजूचा आहे. कलम १२४-अ प्रमाणे गाडीतून पडलं तर चूक कुणाची हे बघतच नाहीत. मृत्यूला ८ लाख, जखमीला जखमेच्या तक्त्याप्रमाणे. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, गुन्हा करताना, नशेत किंवा वेडाच्या भरात, किंवा आजाराने गेला, एवढेच अपवाद. चढता उतरताना पडला म्हणजे स्वतःहून इजा करून घेतली असं होत नाही, हे २०१८ च्या रीना देवी निकालात आलंय. त्याच निकालात असंही आहे की अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून क्लेम जात नाही, घरच्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं की मग रेल्वेने सिद्ध करायचं तो प्रवासी नव्हता म्हणून. तरी पास कुठे आहे ते आधी शोधा, पाकीट बऱ्याचदा रेल्वे पोलिसांकडे (जीआरपी) जमा असतं.

रूळ ओलांडताना झालं असेल तर मात्र हे कलम लागत नाही. अर्ज रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलला, मुदत १ वर्ष.

कामावर मशीनमध्ये बोटं गेली. मालक म्हणतो दवाखाना केला ना, अजून काय?

दवाखाना केला म्हणजे उपकार नाही केला. पगारातून ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कापलं जात असेल तर तिथून मिळतं, कामावर जाता येत नाही तोवर पगाराच्या साधारण ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व असेल तर दर महिन्याला. ईएसआयसी नसेल तर मालकाकडून नुकसानभरपाई, आधी १९२३ च्या कायद्याखाली होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय. मृत्यूला पगाराच्या ५० टक्के आणि पूर्ण अपंगत्वाला ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. महिन्याच्या आत दिलं नाही तर १२ टक्के व्याज, आणि दंड ५० टक्क्यांपर्यंत. मुदत २ वर्षं.

घरून ड्युटीला जाताना अपघात झाला तर? मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या वॉचमनची केस होती, अपघात २००३ चा, आणि सुप्रीम कोर्टाने बायकोच्या बाजूने निकाल दिला २०२५ मध्ये. ड्युटीला निघालेला माणूस कामावरच धरला. नवीन संहितेत तर हे लिहूनच टाकलंय. बाईंनी २२ वर्षं काढली त्यात.

ठेकेदाराचा माणूस असाल तर ठेकेदार आणि मूळ मालक दोघांनाही पार्टी करा.

शेतात विजेचा शॉक लागला. साप चावला. बिबट्याने हल्ला केला.

तिन्हीची वाट वेगळी. महावितरणची तार तुटून पडली असेल तर वीज कंपनीची चूक सिद्ध करत बसायची गरज नसते, धोक्याची वस्तू सांभाळणाऱ्याचीच जबाबदारी, सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय. विद्युत निरीक्षकाचा अहवाल मिळवा, सगळी केस त्याच्यावर उभी राहते. तार हलवायच्या आधी फोटो काढा, हात लावून नाही अर्थात.

शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, मृत्यूला २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख, वय १० ते ७५. साप, वीज, रस्ता अपघात सगळं बसतं. सातबारावर ज्याचं नाव त्याला आणि घरातल्या आणखी एकाला. ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज, दहावा-तेरावा होईपर्यंत निम्मी मुदत गेलेली असते म्हणून भावकीतल्या एखाद्या पोराला हे काम आधीच सोपवा. बिबट्या, रानडुक्कर वगैरे असेल तर वनविभाग, मृत्यूला २५ लाख.

डॉक्टरच्या चुकीमुळे झालं.

ग्राहक आयोग, मुदत २ वर्षं. ऑपरेशन फेल गेलं म्हणजे निष्काळजीपणा असं होत नाही, दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं लेखी मत लागतं आणि ते मिळवणं हीच खरी लढाई, कारण त्याच गावातला डॉक्टर देत नाही. पेपर मागितल्यावर हॉस्पिटलने ७२ तासांत द्यायचे असतात, लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. सगळ्यांना पूर्ण मोफत असलेला सरकारी दवाखाना ग्राहक कायद्यात बसत नाही. बाकी हा विषय मोठा आहे, माझा नाही.

वकिलाची फी किती? २५ टक्के मागतोय.

मिळालेल्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलांच्या नियमात बसत नाही, तरी चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. हॉस्पिटलच्या वॉर्डात येऊन कोऱ्या वकीलपत्रावर सही घेणारा एजंट असेल तर त्याला सरळ बाहेरचा रस्ता दाखवा, आमच्या कोर्टात त्यांना आम्ही गिधाडं म्हणायचो. फी काय ती लिहून घ्या. बायका, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, बाईचं उत्पन्न कितीही असलं तरी. फोन १५१००.

लोक अदालतीत मिटवलं तर कमी मिळतं का?

थोडं कमी मिळतं आणि लवकर मिळतं. तिथला निकाल शेवटचा, अपील नाही. वरचा हिशोब स्वतः कागदावर मांडून जा, मग समोरचा ३६ लाखांच्या जागी १२ म्हणाला की तुम्हाला कळेल कुठे उठायचं ते. ३० म्हणाला आणि घरात कमावतं कुणी नाही, तर मी तरी घ्या म्हणेन.

निकाल लागला, पैसे हातात कधी येतात?

विमा कंपनी अपीलात गेली नाही तर काही महिन्यांत. सगळे एकदम मिळत नाहीत, मुलांच्या नावची रक्कम १८ वर्षांची होईपर्यंत एफडीत जाते, बाईच्या रकमेचाही काही भाग बऱ्याचदा एफडीत टाकतात. यावरून घरात भांडणं होतात, दीर म्हणतो मी धावपळ केली माझे पैसे कुठे. पैसे कोर्टातून ज्याच्या त्याच्या खात्यावर जातात, म्हणून अर्ज टाकतानाच बाईचं स्वतःचं खातं उघडा, एकटीच्या नावाचं, आणि पासबुक तिच्याकडेच राहू दे. आधारवरचं आणि पासबुकावरचं नाव जुळतंय का ते पण तेव्हाच बघा, एका अक्षराच्या फरकामुळे चेक ४ महिने अडकलेला माझ्या हातून गेलाय.